वन्संचा लाल सुळका

१९ जानेवारी, रविवार. सकाळी धुके, नऊनंतर ऊन. दूध उशिरा आले. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलून घेतला. दुपारी गाडीने नदीवर. वन्संनी सुळका पाहिला. परतताना गाडी थांबवावी लागली, त्यांना उलटी झाली. घरी येईतो रात्र झाली होती.

ही माझी आजची नोंद. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या थोरल्या सिस्टर सांगायच्या, मुलींनो, रोज दिवस लिहून काढा. घडले तेवढेच लिहा, काय वाटले ते प्रार्थनेत सांगा. माझी प्रार्थना पुढे सुटली, लिहिणे तेवढे टिकले. आजचा दिवस मात्र डायरीच्या पानात मावला नाही, म्हणून वेगळे कागद घेतले आहेत.

वन्सं म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. वय ब्याऐंशी. लहानपणी ताप आला आणि डावा पाय आखूड राहिला. लग्न झाले नाही. जन्म गेला तो आमच्या फोटोच्या दुकानाच्या माडीवर, मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी बसून पोस्टकार्डे रंगवण्यात.

आताच्या लोकांना हे काम समजावून सांगावे लागते. आमच्या गावापासून वर नदी डोंगरात शिरते. तिथे तिने खडकात कोरलेली कमान आहे, मोठा धबधबा आहे, गुहा आहेत, जुना दगडी पूल आहे. सुट्टीत हे पाहायला दुरून माणसे येत, आणि आलेल्या प्रत्येकाला घरी पाठवायला एक कार्ड हवे असे. रंगीत फिल्म तेव्हा परवडत नव्हती. हे होडीतून कॅमेरा घेऊन जात, फोटो काढत, खाली अंधाऱ्या खोलीत काळी-पांढरी कार्डे छापत. मग ती माडीवर जात आणि वन्सं हाताने त्यांत रंग भरत. आधी आभाळ, कापसाच्या बोळ्याने. ते वाळेपर्यंत पाणी. मग झाडी, बारीक कुंचल्याने. खडक सगळ्यांत शेवटी, कारण खडकाची कड सगळ्यांना लागते. रंगवलेली कार्डे वाळताना वळतात, म्हणून चळत करून वर वजन ठेवायचे.

कुंचल्याला टोक यावे म्हणून त्या तो ओठांतून ओढत. त्यामुळे जीभ रंगलेली असे. जेवायला पाहुणे असले की हे म्हणत, “ताई, जीभ दाखव पाहू. यांना कळू दे आज कुठलं कार्ड चाललंय.” सुरुवातीला त्या हसून दाखवायच्या. पुढे ओठ घट्ट मिटून जेवू लागल्या. मग हे पाहुण्यांना म्हणत, “निळी असणार. धबधबा. लावता पैज?”

वन्सं काही गरीब गाय नव्हत्या. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांनी मला ‘सिस्टर’ म्हणायला सुरुवात केली, ती आजतागायत. “सिस्टर, मीठ दे. की आधी प्रार्थना म्हणायची?” मी डायरी लिहायला बसले की विचारायच्या, “काय लिहितेस गं, नणंदेनं किती पोळलं ते?” भाजी करपली तर चार घरांत सांगून यायच्या, लंगडत लंगडत, पण सांगून यायच्या. हे सांगितले कारण त्या गेल्यावर लोक त्यांना देवमाणूस ठरवतील. त्या देवमाणूस नाहीत. कामात मात्र त्यांच्याइतके खरे माणूस मी पाहिले नाही.

नदीवर त्या कधी गेल्याच नव्हत्या. होडी, मग खडकातल्या पायऱ्या, पाय आखूड. त्यामुळे रंग विचारून भरायचे. हे दमून घरी आले की त्या जिन्यातच गाठत. “शेवाळ कुठल्या अंगाला? सावलीतलं पाणी हिरवं की काळं? पुलाच्या दगडाला पिवळट झाक आहे का?” हे बूट काढता काढता उत्तरे देत. कधी नीट, कधी कटकट म्हणून.

एकदा एक गिऱ्हाईक दुकानात सहज बोलून गेले की पुलाशेजारच्या झाडाला कार्डावर फुले कशी, ते झाड तर कधीच वाळले आहे. वन्संनी माडीवरून ते ऐकले. महिनाभर रंगवलेला पुलाचा गठ्ठा त्यांनी उचलला, न्हाणीघरात नेला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. ते रंग पाण्यातलेच, पाण्यात परत जायचे. हे धावत गेले तेव्हा बादलीत नुसता लगदा होता.

“वेड लागलंय का तुला?”

“खोटं कार्ड माझ्या हातून जायचं नाही,” वन्सं म्हणाल्या. “तू सांगताना नीट सांगत जा.”

ही गोष्ट यांच्या मनात राहिली. पुढे जे झाले त्याचे मूळ इथे आहे असे मला वाटते.

त्याच वर्षी यांनी सुळक्याचा फोटो काढला. कमानीच्या पुढे, नदीच्या मधोमध, पाण्यातून सरळ वर गेलेला एकच खडक. संध्याकाळी दुकानात म्हातारा नावाडी बसला होता. मी जिन्यावर दिवा घेऊन उभी होते. वन्संनी ओले कार्ड हातात घेऊन विचारले, “याचा रंग कुठला?”

हे बूट काढत होते. वर न पाहताच म्हणाले, “लाल.”

“खडक लाल?”

“डाळिंब फोडल्यासारखा. काय हो बुवा?”

“डोळे दिपतात, ताई,” नावाडी म्हणाला.

“सगळाच? की वरचा भाग?”

“पाण्यापासून शेंड्यापर्यंत,” हे म्हणाले. “जरा भडकच भर. भिऊ नको.”

वन्सं वर गेल्या. त्यांच्या दाराला कडी लागल्याचे ऐकू आले तेव्हा दोघे पोटे धरून हसले. नावाड्याला ठसका लागला, मी पाणी दिले. खडक राखाडी आहे, गावातल्या कुठल्याही दगडासारखा राखाडी. बेत एवढाच होता, की दुसऱ्या दिवशी ते कार्ड गल्लीत सगळ्यांना दाखवायचे आणि मग ताईला सांगायचे. बादलीचा सूड.

वन्संनी किरमिजी रंगात थोडा पिवळा मिसळून तो खडक असा रंगवला, की पाहताना हात गरम व्हावेत. सकाळी ते कार्ड हसायला म्हणून यांनी गल्ल्याजवळ ठेवले. एक बाई आल्या, त्यांनी ते उचलले आणि विचारले, असली अजून आहेत का. दुपारी त्यांच्या हॉटेलातली आणखी माणसे आली. हे वर गेले आणि म्हणाले, “ताई, सुळक्याची अजून काढून देतो. आधी तीच रंगव.”

सांगायचे राहिले ते राहिलेच.

नंतर अख्खे खोरे त्यात सामील झाले. माणसे कार्ड हातात धरून लाल सुळका पाहायला येऊ लागली. सकाळी आलेल्यांना नावाडी सांगत, संध्याकाळी या, तेव्हा लाल होतो. संध्याकाळी आलेल्यांना सांगत, हिवाळ्यात या. हिवाळ्यात आलेल्यांना सांगत, पावसाची सर येऊन गेली की बघा, आज कोरडा आहे. माणसे कुरकुरत, पण कार्डे घेऊन जात, आणि घरी जाऊन सांगत की आम्ही पाहिला. काठावरच्या हॉटेलाने फाटक लाल रंगवले. कार्डाच्या पाठीवर हे छापू लागले: निसर्गाचा चमत्कार.

एकट्या वन्संनाच सुळका दाखवायची सोय उरली नाही. त्यांनी तो राखाडी पाहिला असता तर दुकानातले प्रत्येक कार्ड बादलीत गेले असते, आणि पुढचे त्यांनी रंगवले नसते. आणि नेमके त्यांना तेच एक हवे होते. कमान नको, धबधबा नको. “एकदा सुळका बघायचाय मला,” त्या म्हणत. “माझ्या हातून एवढं चांगलं दुसरं काही झालं नाही. खरा माझ्यापेक्षा लाल आहे की कमी, एवढंच बघते आणि येते.”

“बघू,” हे म्हणत. “पाणी उतरू दे.”

पाणी उतरले की पायऱ्या निसरड्या असत. पायऱ्या वाळल्या की होडी दुरुस्तीला गेलेली असे. वन्संनी मोच्याकडून बूट करून घेतले, डाव्या बुटाला जाड लाकडी तळ. ते फळीवर ठेवले. दर आठवड्याला पॉलिश करत.

एका सकाळी, आम्हा कोणाला न सांगता, बूट घालून त्या काठावर गेल्या. ही हकिगत मला बाजारात तीन बायकांनी सांगितली, प्रत्येकीने नक्कल करून. होडीत माणसे बसलेली, निघायच्या बेतात. वन्संनी नावाड्याला म्हटले, मलाही घ्या. नावाडी त्याच होडीत उभा होता. तो म्हणाला, “ताई, आज होडी नाही. भोक पडलंय.”

“मग ही माणसं कशात बसलीत?”

“भोकात,” नावाडी म्हणाला, आणि होडी हसत हसत निघाली.

वन्सं त्या लाकडी तळावर टक टक करत परत आल्या. बूट काढले, पुसले, फळीवर ठेवले. त्यानंतर ते पायात चढले ते आजच.

नदीचे पाणी मोजणारा एक सरकारी माणूस सुळक्यासमोरच्या खोपटात राहत असे. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरून रोज उंची पाहायची आणि कळवायची, एवढे त्याचे काम. सगळे त्याला पट्टीवाला म्हणत. बायको वारलेली. उंच, वाकलेला, स्वतःशी बोलणारा. तो एकदा आमच्या दुकानात आला, कार्ड गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाला, “हे कुणी रंगवलं? मी रोज सकाळी उठून याचं तोंड बघतो. हा लाल नाही.”

हे म्हणाले, “हळू बोला.”

वन्सं नेमक्या तेव्हाच रंगांच्या वाट्या धुवायला खाली आल्या होत्या. पट्टीवाला त्यांच्याकडे पाहत राहिला. मग एवढेच म्हणाला, “तुम्ही रंगवलंत? पाणी मात्र अगदी बरोबर आहे. त्या खडकामागं पाणी असंच काळं पडतं. हे न बघता कसं कळलं तुम्हाला?”

“विचारून,” वन्सं म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले. मी पाहिले.

त्यानंतर तो काही ना काही निमित्ताने येऊ लागला. कार्ड घ्यायला, कार्ड बदलायला. खालून मोठ्याने विचारायचा, “आज कुठलं आभाळ चाललंय?” वन्सं वरून सांगायच्या, “ढगाळ.” एवढेच बोलणे. हे नेहमी मध्ये उभे. त्या दिवसांत वन्संनी मला एकदाही सिस्टर म्हटले नाही, हे माझ्या डायरीत आहे.

मग एके दिवशी तो धुतलेला सदरा घालून आला. हातात रुमालात बांधलेला दगड. वन्सं अंघोळीला गेल्या होत्या. तो यांना म्हणाला, “हा सुळक्याचा तुकडा. तुमच्या बहिणीला दाखवा म्हणजे रंग कळेल. आणि त्यांची तयारी असेल तर मी लग्न करून घेऊन जातो. घरातून सुळका दिसतो. पायऱ्या चढायला नकोत, उंबऱ्यातून दिसतो.”

हे म्हणाले, “विचारून सांगतो.”

चार दिवसांनी तो उत्तर घ्यायला आला. यांनी त्याला सांगितले, “ताई नको म्हणते. म्हणते, पाणी मोजणाऱ्याच्या घरी काय, घोटभर पाणी.” तो “बरोबर आहे,” म्हणाला आणि गेला. दगड परत मागितला नाही.

मग हे माडीवर गेले. मी तिथे वाळलेले कपडे घडी करत होते. हे म्हणाले, “ताई, तो पट्टीवाला आता यायचा नाही. मागणी घालायला आला होता. पण म्हणाला, पाय असला नको.”

वन्संनी कुंचला खाली ठेवला नाही. विचारले, “बूट घातलेला पाहिला होता त्यानं, की बिनबुटाचा?”

“दोन्ही,” हे म्हणाले.

खाली आल्यावर हे मला म्हणाले, “ती गेली तर दुकानाचं काय? बोलू नकोस कुठं.” मी बोलले नाही. मला त्या घरात राहायचे होते. दगड चांगला जड होता, सपाट होता. यांनी तो वर दिला, वाळत्या कार्डांवर ठेवायला. वन्सं आयुष्यभर रोज संध्याकाळी लाल सुळक्यांच्या चळतीवर तो राखाडी दगड ठेवत आल्या. पट्टीवाल्याची पुढे बदली झाली.

रंगीत छपाई आली तेव्हा छापखान्याने वन्संच्या कार्डावरूनच ठसे केले आणि लाल सुळका हजारांनी निघू लागला. हाताचे काम संपले. रंगीत फिल्म आली, पाहुणे आपापले फोटो काढू लागले, धुवायला आमच्याकडेच टाकू लागले. त्यांत सुळका अर्थातच राखाडी. वन्सं ते फोटो डोळ्यांजवळ धरून पाहत. त्यांना शंका यावी अशी आता वेळ होती. पण कुंचल्यावर जन्म काढलेल्या बाईचा फिल्मवर विश्वास नव्हता. “बिचारी फिल्म,” त्या म्हणत. “हिला लाल पकडताच येत नाही. आभाळ बघ कसं पांढरं फटक केलंय.” हे म्हणत, “तेच ना, ताई.” शेजारीपाजारी हे ऐकायला मुद्दाम फोटो घेऊन येत. एकजण दरवर्षी यायचा, निव्वळ ‘बिचारी फिल्म’ ऐकायला.

हे गेले, त्याला आता बारा वर्षे झाली. दुकान मुलगा पाहतो. तो वन्संचा लाडका, आत्या-आत्या करणारा. माडीवरच्या पेटीत वन्संच्या हातची उरलेली सगळी कार्डे होती. जुन्या कार्डांना आता मान आहे म्हणे. पर्यटनवाल्यांनी सुळक्यासमोर कट्टा बांधला, कठडा केला, चाकांच्या खुर्चीसाठी उतार केला, आणि पाण्यातल्या खडकावर रात्री लाल झोत टाकायची व्यवस्था केली. शेवटी खडकच कार्डासारखा करायचे ठरले. कट्ट्यामागच्या दालनात काचेखाली वन्संची कार्डे लावायची, उद्या ती न्यायला माणूस येणार. आणि झोताचे बटण दाबायला स्वतः वन्सं.

त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी बूट मागितले. चामडे तडकले होते. दोन दिवस तेल लावत बसल्या.

मी मुलाला म्हटले, “अंधार पडल्यावरच ने.”

“आई, वर्तमानपत्रवाले चारला येणार आहेत. उजेडात फोटो बरा येतो. आणि आत्याला काय दिसणार आहे?”

“मोतीबिंदू काढलाय त्यांचा. तूच नेलं होतंस.”

“दिसला तरी काय? संध्याकाळी लाल होतो म्हणायचं,” तो म्हणाला, आणि अगदी यांच्यासारखा हसला.

चारला आम्ही कट्ट्यावर होतो. लख्ख ऊन. खुर्ची कठड्याला टेकवली. सुळका पुढ्यात, मोठ्याने हाक मारली तर त्याला ऐकू जाईल इतका जवळ. वन्संनी चष्मा पुसला, लावला. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मान उंच करून वळणापलीकडे पाहू लागल्या.

“सुळका कुठंय?”

“हा काय, आत्या. समोर.”

“हा नव्हे. हा राखाडी आहे. याच्या मागं असेल.”

मागे उभ्या असलेल्यांत कोणीतरी फस्सकन हसले. नावाड्याचा नातू होता, आता मोटारबोट चालवतो. “आजी, मागं डोंगर आहे,” तो म्हणाला. पर्यटनवाले साहेब सौजन्याने म्हणाले, “कार्डात जरा कल्पनेचा भाग असतो ना, आजी.” मुलगा खाली वाकून म्हणाला, “आत्या, अगं थांब. संध्याकाळी लाल होतो.”

वन्सं पाहत होत्या. खडकाच्या पायथ्याशी पाणी काळे पडलेले होते, त्यांनी रंगवले होते तसेच. शेवाळ उत्तरेच्या अंगाला, त्यांनी रंगवले होते तसेच. मला वाटते त्यावरून त्यांनी ओळखले. त्यांचा हात ओठांकडे गेला, कुंचल्याला टोक काढताना जायचा तसा, आणि तिथेच राहिला. वर्तमानपत्रवाल्याने तो फोटो घेतला. म्हणाला, “छान. अगदी भारावून गेल्यात.”

अंधार पडेपर्यंत भाषणे झाली. मग त्यांच्या मांडीवर बटणाची पेटी ठेवली. त्या हात वर करेनात. साहेब हसत हसत म्हणाले, “घाबरू नका, शॉक नाही बसत,” आणि त्यांनी वन्संचे बोट आपल्या हातात धरून बटणावर दाबले. खडक लाल झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी, फार उत्साही माणूस, बाकीची बटणेही दाबून दाखवली. खडक हिरवा झाला, मग निळा, मग पुन्हा लाल.

गाडीत मी त्यांच्याशेजारी बसले होते. मुलगा गाडी चालवत होता आणि कार्यक्रम किती चांगला झाला ते सांगत होता.

“सिस्टर,” वन्सं म्हणाल्या. “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“केव्हापासून?”

“पहिल्या संध्याकाळपासून. मी जिन्यावर दिवा घेऊन उभी होते.”

“आणखी कुणाला?”

“सगळ्यांना, वन्सं.”

त्यांनी विचारले, “पट्टीवाल्याला?”

मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिले. “आई, जाऊ दे ना आता.”

“तो रोज बघत होता सुळका,” मी म्हटले. “तेच सांगायला आला होता. तुमच्या पायाबद्दल तो काही बोलला नव्हता. ते यांनी रचून सांगितलं. तुम्ही नको म्हणता, हे त्याला सांगितलं, तेही यांनीच. त्यानं तुमच्यासाठी सुळक्याचा दगड आणला होता.”

“कुठंय तो?”

“तुमच्या मेजावर. कार्डांवर ठेवता तो.”

तेव्हा गाडी थांबवावी लागली. मी त्यांची मान धरली. पाणी दिले. तोंड पुसून त्या परत बसल्या आणि म्हणाल्या, “तुझा हात फार गार आहे गं.”

घरी आल्यावर त्यांनी मुलाला पेटी आणि दगड माडीवरून खाली आणायला सांगितले. उद्या कार्डे द्यायची आहेत, एकदा पुसून ठेवेन, म्हणाल्या. त्याने आणून दिले, आत्याच्या पाठीवर थोपटले आणि तो दुकानाचा हिशेब बघायला गेला. मी चहा टाकला. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. स्वयंपाकघरातल्या नळाला आजच नवा वायसर बसवला होता, तेव्हा हा आवाज गळतीचा नाही हे मला कळले होते. तरी मी चहा गाळून घेतला, दोन कप भरले आणि मग गेले.

वन्सं बूट घालून स्टुलावर बसल्या होत्या. बादली भरलेली. त्या कार्डे एकेक करून आत सोडत नव्हत्या. मुठीने टाकत होत्या, सुळका, धबधबा, कमान, पूल, काही न पाहता. ती वर तरंगू लागली तेव्हा त्यांनी दगड उचलला. दोन्ही हातांत धरून दिव्याकडे करून पाहिला, एका अंगाने, दुसऱ्या अंगाने, रंग जुळवताना पाहायच्या तसा. मग तो कार्डांवर ठेवला. सगळी खाली गेली.

“पुलाची खरी होती, वन्सं,” मी म्हटले. “धबधब्याचीही.”

“कुणी सांगितलं? त्यानंच ना?” त्या म्हणाल्या. “चहा दे.”

त्यांनी चहा सगळा घेतला. मुलगा आला, दारात उभा राहिला आणि डोक्याला हात लावून तिथेच खाली बसला. “आत्या, हे काय केलंस तू,” एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. वन्सं त्याला म्हणाल्या, “उठ. ओलं आहे तिथं.” मग मला म्हणाल्या, “सिस्टर, बुटाची लेस सोडव. मला वाकवत नाही.”

लेस मी सोडवली. त्या भिंतीला धरून आपल्या खालच्या खोलीत गेल्या, अनवाणी, एक पाय टेकत, एक ओढत. त्या आता झोपल्या आहेत की नाही ते मी पाहिलेले नाही. दार लावून घेतले आहे.

डायरीत शेवटी एवढेच वाढवले: बादलीतला लगदा गाळून कचऱ्यात टाकला, दगड धुऊन खिडकीत ठेवला. बादली सोड्याने दोनदा घासली, लाल डाग निघत नाही. उद्या दुसरी आणायची.